लक्ष्मीकांतची अकरा पावलं

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचाच्या मधोमध एक खुर्ची पालथी पडलेली दिसते, चारी पाय वर करून. तिच्या डाव्या अंगाला पत्र्याचं घमेलं, घमेल्यात पाणी, आणि पाण्यात भिजत पडलेल्या वेताच्या लांब पट्ट्या. उजव्या अंगाला स्टूल. स्टुलावर पाठीत किंचित वाकलेला, दाट पांढऱ्या केसांचा एक माणूस. तोंडात लाकडाची खुंटी धरून तो बोटांनी खुर्चीच्या चौकटीतली भोकं मोजतो आहे. स्थळ, चंदीगडच्या सतरा सेक्टरातल्या एका सरकारी इमारतीचं तळघर. वेळ, नोव्हेंबरातली सकाळ. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा बरोबर त्याच्या हातांवर पडला आहे. प्रकाशयोजना करणाऱ्याने जीव ओतला असता तरी ती इतकी नेमकी झाली नसती. आणि ज्याच्यासाठी ती आहे, त्याला तिचा पत्ता नाही.

हा लक्ष्मीकांत कुंभोजकर. जुन्या सागवानी खुर्च्यांच्या बैठका वेताने विणायच्या, एवढं एकच काम त्याने या तळघरात पस्तीस वर्षं केलं. सरकारी भाषेत त्या पदाला रीकेनर म्हणतात आणि ते अंधांसाठी राखीव असतं. या शहरात अशा वेताच्या खुर्च्या कचेऱ्याकचेऱ्यांतून हजारोंनी आहेत. त्यांच्यावर बसून साहेब लोक बदलले, सरकारं बदलली. बैठक फाटली की खुर्ची खाली तळघरात यायची आणि आठवड्याने नवी होऊन वर जायची. लक्ष्मीकांत मात्र खालीच. एकतीस मार्चला तो निवृत्त होणार होता.

पहिला प्रवेश शिपाई कृष्णाचा. कृष्णा पन्नाशीचा, त्याच्या चपलेचा एक पट्टा कायम सुटलेला. त्यामुळे तो जिना उतरायला लागला की लक्ष्मीकांतला तिसऱ्या पायरीलाच कळायचं.

"लक्ष्मीकांत जी, तुमचं पत्र. वरून आलंय."

"वाच."

कृष्णाने घसा साफ केला. आपण अंध उमेदवारांसाठी राखीव असलेल्या पदावर कार्यरत आहात. समाजमाध्यमांवर फिरत असलेल्या चित्रफितीवरून आपली दृष्टी पूर्ववत झाल्याचं निदर्शनास आलं आहे. तरी सदर पदावर आपण कोणत्या आधारावर राहू इच्छिता, याचा खुलासा पंधरा दिवसांत समक्ष हजर राहून करावा. अन्यथा आपली सेवा समाप्त करण्याची कारवाई करण्यात येईल.

लक्ष्मीकांतच्या तोंडातली खुंटी घमेल्यात पडली.

"पुन्हा वाच."

"सगळं?"

"पूर्ववत झाली, इथपर्यंत."

कृष्णाने वाचलं आणि जपून विचारलं, "मग भाईसाहब, मुबारक म्हणू का?"

*

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगायला हवं.

लक्ष्मीकांत जन्माने आंधळा नव्हता. लहानपणी त्याला दिवेलागणीनंतर दिसायचं नाही एवढंच. मग वर्षावर्षाला कडा काळ्या होत गेल्या, नळीतून बघावं तसं जग मधल्यामध्ये उरलं, आणि बाविसाव्या वर्षी तेही गेलं. मिरजेकडच्या अंधांच्या एका कार्यशाळेत तो वेतकाम शिकला. तिथल्या गुरुजींनी कुठल्याशा सरकारी जाहिरातीला त्याच्या नावाने अर्ज धाडला, तो लागला, आणि हा पठ्ठ्या पांढरी काठी, वळकटी आणि भडंगाचा डबा घेऊन चंदीगडला उतरला. हिंदी येत नव्हती, पंजाबी तर कधी कानावरही पडली नव्हती. दोन वर्षांनी आनंदी लग्न होऊन आली. शहराच्या कडेला, मनीमाजऱ्याच्या गल्लीत दोन खोल्यांत संसार झाला. मुलगी शिकली, लग्न करून नागपूरला गेली.

आणि एक काम होतं, ज्याचा सरकारदरबारी कुठे उल्लेख नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक व्हायचं. त्या नाटकाचा पडदा लक्ष्मीकांत ओढायचा. बावीस वर्षं ओढला. डोळस माणसं पडद्याच्या दोरीपाशी उभी राहिली की नाटक बघत बसतात, नायिका रडायला लागली की ह्यांचेही डोळे पाणावतात आणि पडदा राहतो लोंबकळत. लक्ष्मीकांतचं तसं नाही. शेवटच्या वाक्यानंतर प्रेक्षकांचा श्वास किती वेळ अडकून राहतो, ते तो कानांनी मोजायचा आणि बरोबर त्या क्षणाला दोरी सोडायचा. कित्येक सुमार नटांनी त्याच्या हातांवर टाळ्या घेतल्या. त्याला स्वतःला एकही टाळी कधी मिळाली नाही. पडदा ओढणारा पडद्याच्या पुढे येत नसतो.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाने एका नव्या उपकरणाची चाचणी घ्यायला माणसं शोधली, त्यांत लक्ष्मीकांत निवडला गेला. उजव्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, नखापेक्षा लहान चकती बसवली. वर एक जाड चष्मा. चष्म्याच्या मधोमध, नाकाच्या वर, मुगाच्या दाण्याएवढा कॅमेरा. तिथून एक वायर कमरेच्या डबीला. कॅमेरा बघणार, डबी हिशेब करणार, चकती आत बारीक विजेचे टोचे देणार, आणि मेंदू त्याला उजेडाचे ठिपके म्हणून ओळखणार. ठिपके साधारण साठ. काळ्या टेबलावर पांढरी थाळी ठेवली तर कळते. खिडकी कळते, दार उघडं आहे की बंद ते कळतं. चेहरा कळत नाही. अक्षर कळत नाही. आणि थाळी गोल आहे हे कळायलाही मान डावीकडून उजवीकडे, वरून खाली हळूहळू फिरवावी लागते, भिंतीला चुना लावावा तशी.

निधी नावाची एक पंजाबी मुलगी इस्पितळात हा सराव करून घ्यायची. पोरगी गुणी होती, कधी आवाज चढवला नाही. "मान फिरवा, अंकल. डोळे नाही, मान." आयुष्यभर ज्याने मान स्थिर ठेवून कानांनी जग ओळखलं, त्याला साठीच्या उंबरठ्यावर मान हलवायला शिकवायचं! घरी येईपर्यंत मानेला रग लागायची. आनंदी तेल चोळून द्यायची आणि म्हणायची, "डोळ्याचं ऑपरेशन केलं की मानेचं?"

पण खरा वैताग उपकरणाचा नव्हता. माणसांचा होता.

ऑपरेशन झाल्याचं कळल्यापासून जो भेटेल तो समोर येऊन उभा राहायचा. "सांगा, मी कसा दिसतो?" शेजारचा दूधवाला विचारायचा, गल्लीतली पोरं बोटं नाचवून "किती?" विचारायची, कचेरीतली माणसं मुद्दाम तळघरात उतरायची. एका कारकुनाने तर लग्नाचा अल्बम आणला होता. लक्ष्मीकांतने सुरुवातीला समजावून सांगितलं. ठिपके असतात, खिडकी कळते, चेहरा नाही कळत. ऐकणाऱ्याचा हिरमोड व्हायचा आणि तो हिरमोड आवाजात स्पष्ट ऐकू यायचा, जणू तिकीट काढून आलेल्याला नाटक रद्द झाल्याचं सांगितलंय. मग तो कंटाळून म्हणायला लागला, "छान दिसता. थोडे वाळलात." लोक खूश होऊन जायचे.

काम करताना तो चष्मा काढून डब्याच्या पिशवीत ठेवायचा. ते ठिपके लुकलुकायला लागले की बोटं चुकत.

*

आता मंडळाचे सेक्रेटरी गुरुनाथराव. बँकेतून निवृत्त झालेले, मनाने लोण्यासारखे, आणि उत्साहाने असे की त्यांच्यापुढे कुणाचं काही चालू नये. यंदाच्या गणेशोत्सवात लक्ष्मीकांतचा सत्कार करायचा, हे त्यांनी ठरवलं. नुसती शाल आणि नारळ त्यांना पुरेना.

"लक्ष्मीकांतराव, आपण प्रात्यक्षिक ठेवू. पडदा उघडेल. तुम्ही त्या टोकाला. काठी नाही. समोर गणपती. तुम्ही चालत जायचं आणि हार घालायचा. बास! लोक वेडे होतील."

"अहो गुरुनाथराव, मला गणपती दिसणार नाही. मागे दिवे लावलेत तर काळा आकार कळेल कदाचित."

"मग दिवे लावू! फार अवघड नका करू हो. तालीम घेऊ की."

तालीम घेतली. खरं तर तिची गरज नव्हती. बावीस वर्षं ज्या रंगमंचावर वावरला, त्याची फळी न् फळी लक्ष्मीकांतच्या पायांना पाठ होती. विंगेपासून मखरापर्यंत अकरा पावलं. सातव्या पावलाला फळी दबते. नवव्याला समईची ऊब डाव्या गालाला लागते. अकराव्याला केवड्याचा वास नाकात भरला की थांबायचं आणि हात उचलायचे. तालमीत त्याने चष्मा लावून पाहिला. समोर काहीतरी उजळ कळत होतं. बरं वाटलं. दोन्ही मिळून जमेल, असं त्याने स्वतःला समजावलं.

आणि मग ऐन वेळी गुरुनाथरावांनी पिशवीतून फेटा काढला.

"सत्कारमूर्ती बोडक्या डोक्याने? छे छे! आमचं आजोळ कोल्हापूर आहे, माझ्या हातचा फेटा बघाच." त्यांनी घाईघाईत सात-आठ वेढे दिले, तुरा काढला, पाठीवर थाप मारली आणि घंटा दिली.

पडदा उघडला. दुसऱ्या पावलाला लक्ष्मीकांतच्या लक्षात आलं की फेटा खाली सरकतो आहे. तिसऱ्या पावलाला तो चष्म्याच्या मधल्या पट्टीवर येऊन बसला. ठिपके गेले. आत मिट्ट काळोख.

काय करणार? हात वर करून फेटा सारखा करायचा, तर पाचशे माणसांसमोर सोंग उघडं पडणार. थांबायचं, तर प्रवेश पडणार. रंगमंचावर पडलेलं पाऊल मागे घ्यायचं नसतं, हे बावीस वर्षं त्याने दोरीपाशी उभं राहून ऐकलं होतं. तो चालत राहिला. सातव्याला फळी दबली. नवव्याला समई. अकराव्याला केवडा. हात उचलले, हार सोडला, आणि तो बरोबर गणपतीच्या गळ्यात पडला.

हॉल कोसळला. टाळ्या, शिट्ट्या, "मोरया". बायका रडत होत्या. टाळ्यांचा तो लोट इतकी वर्षं त्याने पडद्याच्या आडून ऐकला होता, दुसऱ्यांसाठी आलेला, कापडातून गाळून आलेला. आज तो थेट छातीवर आला. लक्ष्मीकांत वळला आणि कमरेत वाकून त्याने प्रेक्षकांना नमस्कार केला.

इथेच तो चुकला.

घरी परतताना रिक्षात आनंदीने हलकेच विचारलं, "दिसला का हो गणपती?"

"दिसला," तो म्हणाला.

शेजारच्या मोहालीत संगणकाच्या नोकरीला असलेल्या, मंडळातल्याच सर्वेशने हे सगळं मोबाइलवर टिपलं होतं. त्यानेही चांगल्या मनानेच वर लिहिलं, "पस्तीस वर्षांच्या अंधारानंतर काकांना बाप्पा दिसला." दिवाळीपर्यंत ती फीत लाखो लोकांनी पाहिली. त्यांत लक्ष्मीकांतच्या कचेरीचे अधीक्षक गोयलही होते.

*

नोटीस आल्यावर मदतीला सगळेच धावले, आणि हेच सगळ्यात वैतागाचं होतं.

इस्पितळाने दाखला दिला. त्यात लिहिलं होतं की रुग्ण कायद्याच्या व्याख्येनुसार अंधच आहे, तथापि उपकरणाच्या साहाय्याने मर्यादित सुधारणा आढळते. गोयलसाहेबांनी "सुधारणा" या शब्दाखाली लाल रेघ मारली.

गुरुनाथरावांनी मंडळाच्या छापील कागदावर पत्र लिहिलं आणि परस्पर नेऊनही दिलं. फोन करून वाचून दाखवलं. "श्रीगजाननाच्या कृपेने व आधुनिक विज्ञानाच्या साहाय्याने श्री. कुंभोजकर यांना दृष्टिलाभ झाला असून आम्ही सर्वजण त्याचे साक्षीदार आहोत. तरी अशा गुणी कर्मचाऱ्यास सेवेत ठेवावे."

लक्ष्मीकांतने कपाळावर हात मारला. "गुरुनाथराव, तुम्ही माझे मित्र आहात की गोयलचे?"

"का? काय झालं? जोरदार झालंय की!"

"अहो, मला दिसत नाही म्हणून मला नोकरी आहे!"

"अरे हो. ह्या अंगाने विचारच केला नाही."

कचेरीने एक फॉर्मही पाठवला. प्रश्न एकच. कर्मचाऱ्यास दिसते काय? होय, नाही. पुढे दोन चौकोन. कृष्णा पेन घेऊन तीन दिवस येत होता. "कुठे खूण करू?" होय म्हटलं तर पद गेलं. नाही म्हटलं तर फीत खोटी. मग लाखो लोकांना फसवल्याचा शिक्का, आणि पस्तीस वर्षांच्या शेवटी सेवापुस्तकात तो एक शेरा. खरं काय ते सांगायला त्याच्यापाशी एक वाक्य होतं. फेटा आडवा आला होता, मी आंधळाच चाललो. पण ते वाक्य म्हटलं की मंडळाची शोभा, सर्वेशची शोभा, आणि सगळ्यात पुढे, रिक्षात आनंदीला सांगितलेला तो एक शब्द.

कारण त्या दिवसापासून आनंदी बदलली होती. घरात गडद भिंतीसमोर उभी राहताना पिवळी साडी नेसायची. ताट वाढलं की म्हणायची, "बघा, भात डाव्या हाताला." पूर्वी ती "भात डाव्या हाताला" एवढंच म्हणायची. त्या जादा "बघा"नंतर लक्ष्मीकांत मान खाली घालून भात कालवायचा.

"पिवळी साडी कशाला नेसतेस रोज?" एकदा तो चिडून म्हणाला.

"कळली ना पिवळी आहे ते? मग झालं तर."

कळली नव्हती. शेजारणीने साडीचं कौतुक केलं होतं, ते त्याने ऐकलं होतं.

*

पंधराव्या दिवशी सुनावणी. आनंदी हट्टाने बरोबर आली. गोयलसाहेबांच्या खोलीत चौकशीला वरून एक अधिकारी आले होते. बराड नाव, निवृत्तीला टेकलेले सरदारजी, आवाज खर्जातला. लक्ष्मीकांत काठी टेकत आत गेला, चौथ्या पावलाला बाजूला सरकला, कारण तिथली फरशी उचकटलेली आहे, आणि खुर्चीत बसला. बसताच हात सवयीने बैठकीच्या कडेला गेला. आपलीच वीण.

"बघा साहेब," गोयल लगेच म्हणाले, "फरशी चुकवली. दिसल्याशिवाय चुकवली?"

"गोयलसाहेब, ती फरशी सोळा वर्षं उचकटलेली आहे," लक्ष्मीकांत म्हणाला. "तुम्हाला दिसते, म्हणून दुरुस्त झाली असती तर मीही चुकवली नसती."

आनंदीने त्याच्या कोपराला चिमटा काढला.

बराडसाहेबांनी फीत लावायला सांगितली. मोबाइलमधून मंडळाचा हॉल खोलीत आला. घंटा, पडद्याच्या कड्यांची खसखस, शांतता, फळीचा आवाज, मग टाळ्या. गोयल पावलं मोजून दाखवत होते. "सरळ रेषेत. काठी नाही. हार बरोबर गळ्यात. आता हा माणूस म्हणतो मी आंधळा!"

"पुन्हा लावा," बराडसाहेब म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या. "पुन्हा. इथे थांबवा." आणि मग त्या खर्जातल्या आवाजात एक प्रश्न आला, जो गेल्या तीन महिन्यांत लाखो बघणाऱ्यांपैकी एकालाही सुचला नव्हता.

"ओ जी, ही पगडी कुणी बांधली?"

"साहेब, ती महाराष्ट्रीयन पद्धतीची आहे," गोयल म्हणाले.

"पद्धत कुठलीही असू द्या. पन्नास वर्षं रोज सकाळी बांधतोय मी. पहिला वेढा कपाळावर घट्ट बसला नाही तर पगडी खाली येणार म्हणजे येणारच. ही बघा. चष्म्यावर आली आहे. तुम्ही सगळे ह्याचे पाय बघत बसलात." मग खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज. "लक्ष्मीकांत जी, त्या चष्म्यात कॅमेरा कुठे असतो?"

लक्ष्मीकांतने बोट नाकाच्या वर नेलं. "इथे. मधोमध."

"मग तो पगडीखाली गेला."

"हो."

"त्या वेळी तुम्हाला काय दिसत होतं?"

शेजारी आनंदीच्या बांगड्या एकदा किणकिणल्या आणि थांबल्या. पडदा पाडायचा क्षण ओळखणारे लक्ष्मीकांतचे कान त्या शांततेत ताणून राहिले. इथे दोरी दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हती.

"काही नाही, साहेब," तो म्हणाला. "काळोख होता. मी अकरा पावलं मोजून गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला त्या आवडल्या, म्हणून गप्प बसलो. घरीही खोटं बोललो."

"म्हणजे ते यंत्र बेकार आहे?" गोयल म्हणाले.

"बेकार नाही!" लक्ष्मीकांतचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तीन महिने सगळे मला विचारतायत, दिसतं की नाही दिसतं. दिसतं काय, हे कुणी विचारत नाही. सकाळी मी चष्मा लावून पलंगावर बसतो. समोर खिडकी आहे, ती मला कळते. उजेडाचा एक तुकडा. ही चहा घेऊन त्या खिडकीपुढून जाते, तेव्हा खिडकी विझते आणि परत लागते. मला कळतं, ही गेली. पूर्वी पावलांवरून कळायचं, आता असंही कळतं. एवढंच दिसतं. आता ह्याची खूण मी होयच्या चौकोनात करू की नाहीच्या?"

बराडसाहेबांच्या पेनाची कुरकुर सुरू झाली आणि बराच वेळ चालू राहिली. मग त्यांनी वाचून दाखवलं. दोन्ही चौकोन रिकामे ठेवले होते आणि समासात लिहिलं होतं, कर्मचारी अंध आहे, खिडकी ओळखतो, फितीत कॅमेरा झाकलेला आहे, चौकशी बंद करावी. खाली आणखी एक ओळ होती. खोलीतील फरशी तातडीने दुरुस्त करावी.

*

जिना उतरताना आनंदी एक अक्षर बोलली नाही. पहिला टप्पा संपला, दुसरा संपला. लक्ष्मीकांतने काठी पायरीवर आपटली.

"बोल की काहीतरी. शिव्या घाल."

"कशाला घालू? पहिल्या रांगेत बसले होते मी. फेटा खाली येताना मला दिसत नव्हता होय?"

तो पायरीवरच थांबला. "तुला माहीत होतं?"

"जीव टांगणीला लागला होता माझा. वाटलं, आता हा माणूस समईवर पडणार. पण तुम्ही असे ताठ चालत होता, नवरदेवासारखे! मग रिक्षात तुम्ही म्हणालात दिसला, तर मी कशाला मोडता घालू?"

"मग ती पिवळी साडी? ते बघा, बघा?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून." आनंदी एकदम उखडली. "तीन महिने त्याच त्या दोन पिवळ्या साड्या धुऊन धुऊन नेसतेय मी! आवडत नाही मला पिवळा रंग. कधीच नाही आवडला. आणि तुम्ही काय, त्या खिडकीचं त्या परक्या माणसापुढे सांगितलंत. मला का नाही सांगितलंत कधी?"

"ते काय सांगण्यासारखं आहे?"

"नाही ना?" ती म्हणाली, आणि नाक ओढल्याचा आवाज आला. "चला आता, पायरी आहे."

खाली तळघरात पालथी खुर्ची वाट बघत होती. आनंदी स्टुलावर टेकली. लक्ष्मीकांतने घमेल्यात हात घातला. वेत जास्त भिजून मऊ पडला होता, त्याने तो बाजूला काढला आणि नवा भिजत घातला. तेवढ्यात फोन वाजला. गुरुनाथराव. कृष्णाकडून त्यांना बातमी लागली होती आणि आनंदाने त्यांचा आवाज इतका मोठा झाला होता की आनंदीलाही प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"लक्ष्मीकांतराव! अभिनंदन! आता काही ऐकायचं नाही. एकतीस मार्चला तुमचा निवृत्तीचा सत्कार. हॉल ठरवलाच समजा. पडदा उघडेल, तुम्ही मधोमध खुर्चीत बसलेले, डोक्यावर फेटा..."

आनंदीने डोक्याला हात लावला. लक्ष्मीकांतने फोन कानापासून जरा लांब धरला, पलीकडचा उत्साह ओसरेपर्यंत थांबला, आणि मग शांतपणे म्हणाला,

"करा सत्कार. फेटा बराडसाहेब बांधतील. आणि पडदा मी स्वतः ओढणार."